माझ्या सीटवर बसवलेला बॉक्स

आमच्या छोट्या पिकअपच्या कॅबिनमध्ये दोनच माणसं बसतात. स्टेअरिंगमागं माझा नवरा आणि त्याच्या डाव्या हाताला मी. गाडी घेतली तेव्हापासून ही व्यवस्था आहे, आणि ती कोणी माझ्यावर उपकार म्हणून केलेली नाही. धंदा दोघांचा आहे. वरवट बकालच्या आजूबाजूच्या मळ्यांतून मिरची, वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर उचलायची, कॅरेटं भरायची आणि आठवडी बाजार गाठायचे. गाडी तो चालवतो, काटा मी धरते. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याला जमत नाही. कोणी भाव पाडून मागितला की हा माणूस एकतर भडकतो, नाहीतर लाजून देऊन टाकतो. बाजारात लोक मला मिरचीवाली बाई म्हणून ओळखतात आणि त्याला मिरचीवाल्या बाईचा ड्रायव्हर म्हणून. हे त्यालाही ठाऊक आहे. तो विषय मी मुद्दाम कधी काढत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मधल्या काळात माझी ती सीट गेली. एका स्पीकरच्या बॉक्ससाठी गेली. ज्या ज्या कोणाला मी हे सांगितलं ते हसले, आणि हसणाऱ्यांत बायकाही होत्या. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, असा सगळ्यांचा सूर. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिलेलं वाचताना माणसाला मधेच “जाऊ द्या न वहिनी” असं म्हणता येत नाही.

त्या सीटवर बसून मी गायची. माहेरी अमडापूरला विहारात वंदनेला सुरुवात मी करून द्यायची, शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझं एक गाणं ठरलेलं असायचं. सासरी मला गाऊ नको असं कोणी कधी म्हटलेलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर लोक लगेच सासूला दोष देऊन मोकळे होतात. पण आमच्या घराला लागून दिराचं घर आणि त्याला लागून चुलतसासऱ्यांचं. भांडी घासताना जरा आवाज चढला की भिंतीपलीकडून विचारणा यायची, “काय व, आज लय खुश दिसून राह्यली?” आता याला काय उत्तर देणार? खुश नव्हते, गात होते. पुढच्या वेळी मग आवाज आपोआप खाली यायचा, त्याच्या पुढच्या वेळी गाणं मनातल्या मनातच राहायचं.

कारण नसताना मोठ्यानं गाता येईल अशी जागा मला लग्नानंतर एकच मिळाली, ती म्हणजे गाडीचं कॅबिन. दारं बंद, इंजिनाची घरघर, दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं. गाव मागं पडलं की मी डोक्यावरचा पदर खाली घ्यायची, मोबाइलवर गाणं लावायची आणि त्याच्याबरोबर सुरू व्हायची. नवरा स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरायचा. बाजारात दिवसभर ओरडून घसा बसला तरी येतानाही गायची. बसलेल्या घशानं काही गाणी उलट जास्त चांगली लागतात.

गाडीबरोबर आलेला टेप मात्र पहिल्यापासून रडका होता. माझ्या बाजूच्या दारात पावसाचं पाणी जाऊन तिकडचा स्पीकर गप्प झाला आणि नवऱ्याच्या बाजूचा तेवढा खरखरत राहिला. पत्र्याच्या डब्यात बसून कोणीतरी गात आहे असं वाटायचं. तेव्हा नवी साउंड सिस्टीम बसवू असं नवऱ्यानं काढलं, त्याला पहिली मान हलवली ती मीच. माझी एकच मागणी होती. शब्द स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, आणि माझ्या बाजूचा स्पीकर चालू झाला पाहिजे.

मलकापूरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही गाडी रिकामी केली, माझी पालं, काटा, कॅरेटं लावली आणि शेजारच्या कांदेवाल्या मावशींना लक्ष ठेवायला सांगून दोघंही दुकानात गेलो. गाड्यांना साउंड बसवून देणारं दुकान. आत भिंतभर स्पीकर, काहींना निळे दिवे, काहींना लाल. काउंटरमागं मालक. तोच फिटिंगही करतो. मी सरळ त्याला सांगितलं, “दादा, आमाले गायकाचा आवाज साफ पाह्यजे. बोल समजले पाह्यजे.”

तो हसला आणि माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाला, “भाऊ, बेस किती पाह्यजे?”

मी म्हटलं, “बेस नको. आवाज पाह्यजे.”

“आवाज तर येईनच न ताई. सिस्टीम म्हटली की आवाज येतेच.” एवढं माझ्याकडं बघून. मग पुन्हा नवऱ्याकडं. “पण भाऊ, गाडी चौकातून गेली तं लोकाईनं पाह्यलं पाह्यजे, कोणाची गाडी हाय म्हणून. काय?”

त्यानं एक मोठा बॉक्स लावून दाखवला. दुकानाच्या काचा थरथरल्या. काउंटरवरच्या बाटलीतलं पाणी नाचायला लागलं. गाणं कुठलं होतं ते खरंच कळलं नाही, नुसते धक्के. मी नवऱ्याकडं पाहिलं. माझा नवरा, जो गिऱ्हाइकापुढं बोलताना चार वेळा अडखळतो, तो छातीवर हात ठेवून उभा होता आणि त्याचं तोंड खुललं होतं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण तिकडं माझी मिरची उन्हात पडली होती. मी त्याला बजावलं, साधे दाराचे स्पीकर बसवा, चांगले बसवा, आणि बाजारात निघून आले.

संध्याकाळी सामान आवरून मी गाडीची वाट पाहत उभी होते. गाडी यायच्या आधी तिचा दणदणाट आला. बाजार उठत होता, तरी सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. कांदेवाल्या मावशींनी कानावर हात ठेवले. गाडी थांबली, मी डाव्या बाजूचं दार उघडलं, आणि माझी सीट नव्हती.

सीटची गादी काढून टाकली होती. तिथं काळ्या कापडानं मढवलेला बॉक्स, माझ्या गुडघ्याएवढा उंच, पट्ट्या मारून पक्का केलेला. खाली पाय ठेवायच्या जागी अँप्लिफायर आणि वायरांचं जाळं. वर निळा दिवा लुकलुकत होता. काम दाखवायला फिटिंगवालाही बरोबर आला होता, मागच्या हौद्यातून उतरून नवऱ्याच्या शेजारी उभा राहिला. मी विचारलं, “आन् मी कुठी बसू?”

फिटिंगवाल्याला खरंच आश्चर्य वाटलं. तो काही वाईट माणूस नाही, हे मी रागातही म्हणेन. त्याला वाटलं मी त्याच्या कामात खोट काढते आहे. “ताई, मी भाऊले विचारलं होतं न,” तो म्हणाला. “भाऊ, या सीटवर कोण बसते? तं भाऊ म्हणे, खास कोणी नाई बसत.”

नवरा आरशात बघून केस सारखे करत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी समजली. इतकी वर्षं त्या सीटवर मी बसले. आजारी असताना बसले, पोटुशी असताना बसले, मांडीवर पैशाची पिशवी धरून बसले, त्याला झोप येऊ नये म्हणून बडबड करत बसले. गादीला माझ्या बसण्यानं खळगा पडला होता. आणि विचारल्यावर खास कोणी नाही! तो खोटंही बोलला नव्हता. मी त्याच्याकडं पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि दिसलं की त्याच्या मनात काही नाही. त्याला आठवलंच नव्हतं. सीटवर कोण बसतं असं कोणी विचारलं की आमच्याकडच्या पुरुषाच्या डोळ्यांपुढं पुरुष येतो. मामा येतो, मित्र येतो, सरपंच येतो. बायको येत नाही. ती बसलेली असते फक्त.

“मागं बस आजच्या दिवस,” तो म्हणाला. “लोक पाहून राह्यले.”

मी मागं बसले. भर बाजारात नवऱ्याशी भांडायची हिंमत माझ्यात आहे, पण त्या दिवशी मी पैशाची पिशवी कमरेला खोचली आणि फाळक्यावर पाय दिला. पिकअपच्या मागच्या हौद्यात रिकाम्या कॅरेटांमध्ये ताडपत्री अंथरून, फाळक्याला पाठ टेकून बसले. हायवेला ट्रकांचा धूर आणि धूळ तोंडावर. पूर्णेच्या पुलावर हाडं खिळखिळी झाली. पुढं कॅबिनमध्ये गाणं चालू होतं आणि मागं माझ्या पाठीला नुसता धडधड धडधड मार बसत होता. शब्द एकही ऐकू आला नाही. मी त्याच्याकडं एवढंच मागितलं होतं.

आजच्या दिवस म्हणता म्हणता ती रीतच होऊन गेली. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “काय झालं मंग? आमी बैलगाडीत बी मागंच बसो. बाईचं बसणं मागंच असते.” दीर गाडी बघायला आला, बॉक्सवर हात फिरवला, “जबरदस्त बे!” म्हणाला, आणि वहिनी कुठं बसते हा प्रश्न त्याच्या डोक्याला शिवलाही नाही. बाजाराला जाताना रस्त्यात ओळखीचे लोक हात करायचे, गाडी थांबवायचे, सिस्टीमची चौकशी करायचे. मी मागं कॅरेटांमध्ये बसलेली त्यांना दिसायची. एकजण म्हणाला, “वहिनीचं बरं हाय, हवेशीर.” खाली उतरून मिरचीचं कॅरेट त्याच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं होतं. आजही वाटतं.

खरा कहर झाला तो नवऱ्याचा मित्र आला तेव्हा. नांदुऱ्याला जायचं होतं त्याला, आमच्याच वाटेवर. नवऱ्यानं लगबगीनं घरातून सतरंजी आणली, घडी करून बॉक्सवर टाकली, आणि म्हणाला, “बस, बस, आरामात बस.” बसला तो. गुडघे छातीला लागले होते त्याचे, डोकं टपाला घासत होतं, पण बसला. म्हणजे जागा होती! बॉक्सवर सतरंजी टाकून माणूस बसू शकत होता. माझ्यासाठी ती सतरंजी कोणाला सुचली नव्हती.

त्याच महिन्यात विहारात कार्यक्रम होता. माझा नवरा पांढरा शर्ट घालून माइकपुढं उभा राहिला आणि समतेवर बोलला. स्त्री-पुरुष समतेवर. चांगला बोलला, अडखळला नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या. माझ्या शेजारची मला कोपर मारून म्हणाली, “तुवा नवरा लय चांगला बोलते व.” मी म्हटलं, हाव, चांगला बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच माणसाच्या गाडीच्या हौद्यात चढले, तेव्हा पायातली चप्पल ठेवायलाही जागा नव्हती कारण वांग्याची पोती जास्तीची होती.

त्या पोत्यांवर बसूनच मी ठरवलं. पुढच्या बाजाराला कॅरेटं भरून दिली, काटा ठेवून दिला, फाळका लावून घेतला आणि म्हटलं, “तुमी व्हा पुढं. मी बसनं येतो.”

“बसनं?” तो म्हणाला. “घरची गाडी असून?”

“गाडीत जागा नाई न.”

त्याला वाटलं मी रुसले आहे, एक दिवसाचा खेळ आहे. मी स्टँडवर जाऊन एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट आहे आता. खिडकीशी जागा मिळाली. बसून, पाय खाली सोडून, पाठ टेकवून मलकापूरला गेले. एसटीत गाता येत नाही, हे खरं. पण अंगावर धूळ नव्हती आणि मला कोणी हवेशीर म्हणत नव्हतं.

आणि मग गंमत सुरू झाली. इतके दिवस मी हौद्यात वांग्यांबरोबर बसून जात होते तेव्हा एका माणसानं तोंड उघडलं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, बाई मागं बसलेली आहे. पण तीच बाई तिकीट काढून एसटीच्या सीटवर बसली, तर रस्त्यावरची सगळी गावं खडबडून जागी झाली. आमचं नात्यागोत्याचं माणूस प्रत्येक थांब्यावर एक तरी चढतंच. “काऊन व, गाडी बिघडली काय?” “काऊन, भांडण झालं काय?” “काऊन, गाडी इकली काय?” मी कोणाशी खोटं बोलले नाही. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “गाडी मस्त चालू हाय. त्याईनं स्पीकर बसवला, तो माह्या सीटवर बसते. मंग मी बसनं जातो.” जेवढं झालं तेवढंच, शांतपणे सांगायची. ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हसावं की नाही हे त्यांना ठरवता यायचं नाही.

हे बाजाराबाजाराला चाललं. नांदुऱ्याच्या नणंदेपर्यंत गेलं, तिचा फोन आला, मला नव्हे, भावाला. विहारातल्या एका वयस्कर काकांनी त्याला थांबवून विचारलं. सासूबाईंनी तर पार बाजू बदलली. “लोक काय म्हणतीन? घरात गाडी असून सून एस्टीनं जाते!” मी म्हटलं, “आत्याबाई, तुमीच म्हणे न, बाईचं बसणं मागंच असते. एस्टीत बी मी मागंच बसतो.” त्यांनी मुलाकडं मोर्चा वळवला.

शेवटी एका दुपारी तो जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, “तू मले गावात तोंड दाखवाची सोय ठेवली नाई.”

“आन् मी मागं वांग्यात बसली होती तवा तुमचं तोंड कुठी होतं?”

त्यानं ताट पुन्हा ओढून घेतलं. वरण-भात कालवला. मग म्हणाला, “काढून टाकू तो बॉक्स.”

मला आनंद झाला का? झाला. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो आजही आहे. माझ्या कंबरेसाठी त्यानं बॉक्स काढला नाही. मी धूळ खाल्ली म्हणून काढला नाही. लोक विचारायला लागले म्हणून काढला. म्हणजे बायकोचे हाल दिसायला आमच्याकडं आधी नांदुऱ्याहून फोन यावा लागतो.

पुन्हा मलकापूर, पुन्हा तेच दुकान. या वेळी मी बाजार लवकर आवरला आणि गाडीच्या दाराला हात लावून शेवटपर्यंत उभी राहिले. फिटिंगवाल्याचा जीव तुटत होता. पट्ट्या सोडताना हळहळत होता. “भाऊ, असा सेटअप इथी कोणाच्या गाडीत नाई. तुमी काढून राह्यले, लोक लावाले येते.” माझ्याकडं बघून म्हणाला, “ताई, एवढा राग नका धरू भाऊवर. त्याईचं बी बरोबर होतं. तुमी सोबत गाता न, मंग भाऊले गाणं नीट आयकू येत नाई. म्हणून मीच म्हटलं, मोठा बॉक्स टाका, सगळं दबून जाते.”

तो भल्यासाठीच बोलला. समजूत काढत होता माझी. बोलून पुन्हा स्क्रूमध्ये डोकं घातलं त्यानं.

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो समोरच्या टायरकडं बघत होता.

एवढी वर्षं मी समजत होते, ती स्टेअरिंगवरची बोटं मला साथ देतात. मी एखादी तान जरा लांबवली की बोटं जोरात वाजायची. मला वाटायचं, रंगात आला गडी. आता कळेना, ती बोटं साथ देत होती की गाणं कधी संपतं याची वाट बघत होती. सीट गेल्याचं दुःख एक होतं, हे वेगळंच काहीतरी होतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते त्या दोघांपुढं यावं याचा मला आणखी संताप आला. मी पदरानं तोंड पुसलं, घाम पुसतात तसं. आवडत नव्हतं तर सांगायचं होतं. एका शब्दानं सांगायचं होतं, बाई, जरा हळू. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण तोंडावर सांगितलेलं मला चाललं असतं. हा माणूस मला काही बोलला नाही आणि दुकानदाराशी बोलला. माझा आवाज दाबायला त्यानं वायरा ओढल्या, दिवे लावले, आणि ते करताना मलाच उचलून मागं टाकलं.

गादी परत बसली. दोन्ही दारांत नवे स्पीकर बसले, छोटे, साधे, माझ्या बाजूचाही. फिटिंगवाल्यानं लावून दाखवलं. गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पहिल्याच वेळी हे मागितलं होतं मी.

कॅरेटं चढवली, निघालो. हायवेला लागल्यावर नवऱ्यानं मोबाइल काढला, एका हातानं शोधत शोधत माझ्या आवडीचं गाणं लावलं. ते माझं आवडतं आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं. शब्द असे स्वच्छ येत होते की गाणारी बाई आमच्या दोघांच्या मधेच बसली आहे असं वाटावं. त्यानं चोरून माझ्याकडं पाहिलं.

मी हात लांब करून टेपचं बटण बंद केलं.

“बंद काऊन केलं व?” तो म्हणाला. “एवढं चांगलं वाजून राह्यलं होतं.”

“तुमाले दोन आवाज एकाच वेळी आयकू येत नाई न. मंग आता एकच आयका.”

आणि मी ते गाणं पहिल्यापासून धरलं. हळू नाही, विहारात माइक नसताना वंदनेला जसा लावायची तशा आवाजात. सूर पहिल्या ओळीला थोडा हलला, कारण घशात अजून राग होता, दुसऱ्या ओळीला बसला. ते संपलं तसं दुसरं काढलं. नांदुऱ्याच्या चौकात गाडी थांबली, शेजारी मोटरसायकलवाले उभे होते, त्यांनी वळून पाहिलं. मी थांबले नाही. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बोटं स्टेअरिंगवर घट्ट, एकही हलत नव्हतं. पुढं रस्ता मोकळा लागला तसा त्याचा डावा हात एकदा बटणाकडं गेला. मी गाता गाताच त्या हाताकडं पाहिलं. हात गिअरवर आला, त्यानं गिअर टाकला आणि समोर बघून गाडी चालवत राहिला. मी तिसरं गाणं सुरू केलं.